एका घरातून एकच

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. तब्येत बरी आहे हे वाचून बरं वाटलं. पण कानाच्या यंत्राबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणजे ते पुन्हा रिळांच्या डब्यात जाऊन पडलंय. लाव ग. गिऱ्हाईक बाही लांब सांगतं, तू आखूड शिवतेस, आणि मग मला पानभर रडगाणं लिहितेस.

तसं एका परीनं बरंच आहे म्हणा. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही. आमच्या दोन खोल्यांत मी फोन उचलला की सासूबाईंची काठी लगेच थांबते. त्यामुळे आपली ही पत्रंच बरी. हे पत्र जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये बसून लिहितेय. समोर रंगाचे नमुने वाळत ठेवलेत, सगळे राखाडी. एका हॉस्पिटलला भिंतींसाठी राखाडी रंग हवाय, पण उदास नको म्हणे. उदास नसलेला राखाडी कसा करायचा ते त्यांनी लिहिलेलं नाही. सकाळपासून जुळवतेय.

घरी सगळं ठीक. हे ठीक, आमच्याच कंपनीच्या गोदामात त्यांचं तेच चाललंय. सासूबाईंचा डावा पाय तसाच आहे, जीभ मात्र ठणठणीत. दुपारी शेजारीण डोकावून जाते, बाकी सकाळ-संध्याकाळ मीच.

बातमी एवढीच की कंपनीत कपात होतेय. नोटिशीत तो शब्द नाही, 'मनुष्यबळाची फेरआखणी' असं लिहिलंय. जे आपणहून नाव देतील त्यांना थोडी जास्त रक्कम, नाहीतर कंपनी तिच्या मनानं निवडणार. नोटिशीसमोर ही गर्दी. मिक्सिंगमधला एकजण म्हणाला, "स्वेच्छेनं जा म्हणतात. माझी स्वेच्छा कुणाला सापडली तर मलाही दाखवा रे." सगळे हसले, आणि मग कुणी कुणाकडे बघेना. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या चष्मेवालीनं तर त्या दिवसापासून डबा उघडलेला नाही. तिच्या घरी कमावणारी ती एकटी.

माझ्या मनात येतंय की आपण नाव द्यावं. थिनरच्या वासानं डोकं धरतं हल्ली, केसांतून वास जात नाही. आणि मी गेले तर चष्मेवाली वाचेल. लॅबमधून एकच माणूस कमी करायचाय. बस, कारण एवढंच. ह्यांना अजून बोलले नाहीये. उगाच त्यांच्या डोक्याला ताप.

तुझ्या दुकानावरची खोली अजून रिकामी आहे का ग? सहज विचारलं.

तुझी,
धाकटी


२१ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. मी 'सहज' लिहिलं होतं, आणि तू उलट टपाली खोलीची लांबी-रुंदी, खिडकी कुठल्या बाजूला, नळाला पाणी कधी येतं, सगळं लिहून पाठवलंस. कुणी नर्स खोली मागतेय, तिला थांबवून ठेवलंय म्हणालीस. तुला ऐकू येत नसेल, पण वाचता फार बरोबर येतं.

मी नाव द्यायला गेले होते. आता जे झालं ते ऐक, आणि हसू नकोस. किंवा हस. आम्हीही हसलो.

पर्सोनेलच्या मॅडमची केबिन काचेची आहे. आत कोण गेलं ते सगळ्या मजल्याला दिसतं. म्हणून मी काखेत रंगाचे नमुने घेऊन गेले, कामाचं काही असल्यासारखी. मॅडम माझ्याहून बऱ्याच लहान, पण बोलायला सरळ.

"मला नाव द्यायचंय," म्हटलं.

"कशाला?"

मी थिनरचं आणि डोक्याचं सगळं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं. "घरी बोललात?"

"नाही अजून."

"मग आधी घरी बोला. तुमच्या घरातून हे दुसरं नाव आहे."

माझ्या डोळ्यांसमोर काठी टेकत नाव द्यायला आलेल्या सासूबाई आल्या! माणसाला काय काय सुचतं. मॅडमच म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांनी नोटीस लागली त्याच दुपारी नाव दिलंय. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते माझं मलाच आठवत नाही.

"एका घरातून एकच सोडायचा असं वरून आलंय. दोघांना सोडलं आणि उद्या घर बसलं तर बोल कंपनीला लागतो. तुम्ही दोघं ठरवा आणि सोमवारी सांगा. आणि एक बोलू का? इथे रोज माणसं राहू द्या म्हणून रडतात. जाऊ द्या म्हणणारी तुम्ही दोघंच आहात."

तुला ठाऊक आहे, कंपनीच्या बसमध्ये मी पुढे बायकांत बसते आणि हे मागे गोदामवाल्यांत. त्या संध्याकाळी मी सरळ मागे गेले आणि ह्यांच्या शेजारी बसले. गोदामवाले खिडकीबाहेर बघायला लागले, जणू मी काही नको ते केलं. मी म्हटलं, "पुढच्या स्टॉपला उतरायचंय."

"आपला स्टॉप लांब आहे."

"उतरायचंय."

उतरलो. समोर टायरचं दुकान, बाजूनं ट्रक धडधडत जाणारे, बसायला बाक नाही. पण घर सोडून आणि कंपनी सोडून बोलायला आम्हाला तेवढीच जागा होती.

"मॅडमनी सांगितलं," मी म्हटलं.

ह्यांनी काय म्हणून विचारलंही नाही. बुटाच्या टोकानं खडा ढकलत राहिले. "मी सांगणारच होतो."

"कधी?"

"झाल्यावर."

मग हळूहळू बाहेर आलं. गॅरेजवाल्या मित्राचे ट्रक आहेत, लांब पल्ल्याचे. दर रविवारी हे त्याच्याकडे मोटार दुरुस्त करायला जायचे ना? ती मोटार कधी बिघडलेलीच नव्हती. हे जड गाडी शिकत होते. लायसनसुद्धा झालंय. मी त्यांच्या रविवारच्या शर्टाचे ग्रीसचे डाग घासून घासून काढत होते, ताई, आणि ते माणूस पळून जायची तयारी करत होतं.

"म्हणजे घरी नसणार तुम्ही."

"पंधरा-पंधरा दिवस नसणार." हे अशा आवाजात म्हणाले जसं कुणी पाठीवरचं पोतं खाली ठेवावं. "तू आहेस ना. तुझी नोकरी आहे, आई आहे. मला वाटलं, तुला काही फरक पडायचा नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तुझ्या आईला माझ्या गळ्यात टाकून तू पळणार होतास?"

'तू' निघून गेलं तोंडातून. लग्नानंतर पहिल्यांदा. ह्यांनी खड्यावरची नजर वर केली. रागावले नाहीत. बघत राहिले नुसते, नवीन माणूस बघावं तसे.

"आणि तू मॅडमकडे कशाला गेली होतीस? नाव द्यायला?"

"डोकं दुखतं."

"खरं सांग."

"ताईकडे जायचं होतं."

"किती दिवस?"

एक ट्रक गेला, त्याची धूळ खाली बसेपर्यंत ते थांबले. "बरेच?"

"बरेच."

"आणि आईला कोण बघणार होतं?"

"तू," मी म्हटलं.

एकाच घरात शिरलेले दोन चोर अंधारात एकमेकांवर आदळावेत तशी आमची गत. आधी ह्यांच्या तोंडून फसकन हसू फुटलं, मग माझ्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. टायरवाला बाहेर येऊन बघून गेला. मग हसणं संपलं आणि दोघांनाही कळलं की आपण काय बोलून बसलोय. पुढची बस भरलेली आली. उभ्यानं घरी आलो.

घरात शिरताना हे एवढंच म्हणाले, "मी आधी नाव दिलंय."

मी म्हटलं, "मी आधी ठरवलं होतं."

ते खरं आहे, ताई. मी पुष्कळ आधी ठरवलं होतं.

तुझी,
धाकटी


२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पत्रात तू सरळच विचारलंस. मारतो का, पितो का, बाहेर कुणी आहे का. नाही ग. यांतलं काहीच नाही. असतं तर तुझ्या दारात मी कधीच येऊन उभी राहिले असते आणि कुणी मला का म्हणून विचारलं नसतं. चांगला माणूस आहे. पगार घरात देतो, आवाज चढवत नाही, आईचे पाय चोळतो. (मी त्याला आता 'तू'च म्हणते, तर पत्रात तरी 'हे' कशाला?)

कसं सांगू तुला. सकाळी एका बसनं जायचं, एका गेटातून आत, एका गेटातून बाहेर, परत एका बसनं त्याच दोन खोल्यांत. माझा असा एकही तास नाही की जो मी घरी येऊन त्याला सांगावा. त्याचाही नाही. आम्ही एकमेकांना तोंडपाठ झालोय, आणि पाठ झालेलं कुणी पुन्हा उघडून वाचत नाही.

आणि ते बाळ. ते गेलं तेव्हा तू आली होतीस, राहून गेलीस, तुला माहीत आहे. तू गेल्यावर पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघं कामावर गेलो. मी बसमध्ये चढले आणि पुढे बसले. तो मागून आला, माझ्या सीटजवळ जरासा थांबला, आणि मागे गेला. तिथून पुढे तो मागे आणि मी पुढे. त्या बाळाबद्दल आम्ही आजवर एक शब्द बोललेलो नाही. वाद नाही, रडारड नाही, काही नाही. त्या न बोलण्यात मी राहते, ताई, दोन खोल्या नुसत्या नावाला.

हे लिहायचं नव्हतं. लिहिलं.

तर ते दिवस आम्ही जिन्यात भांडत काढले. घरात सासूबाई, म्हणून कचरा टाकायला म्हणून मी खाली, पाठोपाठ पाण्याचं बघायला म्हणून तो. दबक्या आवाजात, दात आवळून. एका संध्याकाळी मी सासूबाईंची नखं कापत होते. त्या म्हणाल्या, "जिन्यात काय करता ग दोघं? प्रेमाचं वय गेलं, आणि भांडण तर तुम्हाला कधी जमलंच नाही."

मी नखं कापत राहिले.

"त्याला अरे-तुरे करायला लागलीस."

"लागले."

"बरं केलंस." मग दुसरा पाय पुढे केला. "कोण चाललंय?"

"ठरलं नाही."

"मला तुमच्या वाटेतली धोंड करू नका. फक्त दोघंही गेलात तर मी तिसऱ्या मजल्यावरून खाली कशी उतरायची, तेवढं सांगून जा."

त्या रडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, तर मी पुसून टाकलं असतं. पण त्यांनी फक्त जिन्याचं विचारलं. लग्न होऊन आले तेव्हा त्या हाच जिना धावत चढायच्या. आता खिडकीतून दिसतं तेवढंच जग. आम्ही दोघं सुटायला धडपडतोय आणि त्यांना सुटका कुठल्या मॅडमकडे मागायची तेही माहीत नाही.

रविवारी जेवताना तो एकदम म्हणाला, "तिलाच जाऊ दे आई. ताईकडे. मी बघीन तुझं." आणि भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. झालं. एवढं जिन्यात भांडून शेवटी भाजी वाढावी तसं त्यानं मला सोडून दिलं.

मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला. खोटं कशाला बोलू. कुठले कपडे घ्यायचे तेही मनात ठरवलं.

सोमवारी सकाळी बसमध्ये तो पुढे माझ्या शेजारी येऊन बसला. बायकांनी एकमेकींना कोपर मारलं. समोरच्या दांडीला धरून बसला, मग हळूच म्हणाला, "ताईच्या वरच्या खोलीत पंखा आहे का? वर पत्रा असेल तर तापेल."

मी केबिनमध्ये गेले. मॅडमनी भुवया उंचावल्या. आणि मी म्हटलं, "त्यांचं नाव घ्या."

उदारपणा समजू नकोस. माझ्यात तो नाही. पण ती खोली त्यानं मला दिली असती, ताई. पंख्यासकट. तिथे मी माझी आलेली नसते, त्यानं पाठवलेली असते, आणि पाठवलेल्या माणसाला कधीतरी परत यावं लागतं. मला जायचं होतं, पाठवून घ्यायचं नव्हतं. हा फरक मला केबिनमध्ये उभं राहिल्यावर कळला. आता वाटतं, कळला नसता तर बरं झालं असतं.

गोदामात जाऊन त्याला सांगितलं. तो फोर्कलिफ्टवर बसला होता. इंजिन बंद केलं.

"मी दिलं होतं ना तुला?"

"हो."

"मग?"

"मग काय. घे."

त्याचा चेहरा आनंदी झाला नाही. त्यानं गाडी पुन्हा सुरू केली आणि काही न उचलता गोदामाला एक चक्कर मारून आला. त्याला काहीतरी बोलायचं असलं की तो असंच काहीतरी करतो.

तुझी,
धाकटी


३० एप्रिल

प्रिय ताई,

नमस्कार. तू दोन पत्रं पाठवलीस आणि मी गप्प. रागावू नकोस. लिहायला बसले की काय लिहावं तेच कळत नव्हतं.

चष्मेवाली गेली. लॅबमधून एकच माणूस कमी करायचा होता, तो तिच्या रूपानं झाला. केबिनमध्ये 'त्यांचं नाव घ्या' म्हणताना ती माझ्या मनातसुद्धा आली नव्हती. शेवटच्या दिवशी तिनं आपली खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि मला विचारलं, "तू जाणार होतीस ना?" रागानं नाही, खरंच विचारलं. आता तिचं काम माझ्याकडे आहे. मॅडम म्हणतात, तुम्ही होतात म्हणून निभावलं, आता वर्षभर तरी तुम्हाला सोडता यायचं नाही.

आणि त्याचं सांगू? तो गेलाच नाही. कामावरून सुटला आणि घरात बसला. गॅरेजवाला फोन करायचा, हा म्हणायचा, "बघू." सकाळी माझा डबा भरायचा, आईची आंघोळ, कपडे. भाजी करपवायचा आणि वर पाणी घालून लपवायचा. संध्याकाळी माझी बस आली की खिडकीत उभा. मी जिना चढून बेल वाजवायच्या आत दार उघडं. "आज काय झालं?" पहिले काही दिवस मला गोड वाटलं. सांगायला तास मिळाला म्हणून मी राखाडीचंही रंगवून सांगितलं. मग मी एक स्टॉप आधी उतरायला लागले. तेवढं अंतर एकटीनं चालायला मिळावं म्हणून. मग दोन स्टॉप आधी. मग एक दिवस रस्त्याच्या वळणावरून मला खिडकीतला तो दिसला, मान लांब करून बघणारा. वाटलं, आता या माणसानं दिवसभर माझी वाट बघायची, आणि मी संध्याकाळभर त्याला काहीतरी आणून द्यायचं, असंच चालणार.

गेल्या रविवारी विचारलं त्याला. तो तांदूळ निवडत होता.

"तू का जात नाहीस?"

"तू राहिलीस म्हणून. तू राहायचं आणि मी फिरायचं, बरं दिसतं का?"

"कुणाला?"

"मला तरी."

"तुझ्यासाठी नव्हते राहिले मी," म्हटलं. "आणि माझ्यासाठी तू राहायचं नाहीस. असे उपकार करून करून एकमेकांना मारून टाकू आपण."

आत काठीचा आवाज थांबला. थांबू दे म्हटलं. पहिल्यांदाच आवाज खाली आणला नाही.

तो ताटातले तांदूळ बोटानं इकडून तिकडे करत होता. मग खाली बघूनच म्हणाला, "तेव्हा बसमध्ये मी तुझ्या शेजारी बसायला हवं होतं."

कधी, ते मी विचारलं नाही. तोही बोलला नाही. म्हटलं, "मी बसू दिलं नसतं."

"तरी."

एवढंच, ताई. इतक्या वर्षांत त्या बाळावर आम्ही बोललो ते एवढंच. मी त्याच्यासमोर बसले आणि राहिलेले तांदूळ निवडले. दोघंही रडत होतो आणि खडे दिसत नव्हते. त्या रात्री भातात खडे लागले. सासूबाईंनी एक शब्द काढला नाही, हे त्यांच्या स्वभावाला धरून नाही.

सकाळी मी त्याची बॅग भरली. नुसती भरली नाही, दारात नेऊन ठेवली. तो बूट घालून उभा राहिला आणि जाईना.

"परतीला लागलो की फोन करू?"

"येण्याआधी विचार."

"कुणाला? आईला?"

"मला. ये म्हटलं तर ये."

वाटलं, दुखावेल. पण तो बॅग उचलत म्हणाला, "चालेल." कामाची पाळी सांगितल्यावर म्हणायचा तसं. मग आईच्या पायांना हात लावून गेला. जिन्यात त्याच्या बुटांचा आवाज पहिल्या मजल्यावर मंदावला, थांबला. मी वाकून पाहिलं नाही. मग आवाज पुन्हा सुरू झाला.

वरची खोली त्या नर्सला देऊन टाक. बिचारीला कधीपासून ताटकळत ठेवलंयस. मी कधीच येणार नाही असं नाही. पण आधी सासूबाई संपल्या पाहिजेत किंवा कंपनी, आणि यातलं कुठलंही मनात आलं की माझी मलाच भीती वाटते. चष्मेवालीची खुर्ची तशीच आहे. तिच्यावर नमुने ठेवायला सांगतात, मी ठेवत नाही, उभी राहून काम करते. मोकळं वाटतं का म्हणून तू विचारशील. संध्याकाळी वळणावर आले की खिडकी रिकामी असते, तेव्हा वाटतं. जिना चढेपर्यंत टिकतं.

तो गेला त्या सकाळी मीही निघाले होते. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, तोंड भिंतीकडे.

"गेला?"

"गेला."

"आणि तू?"

खाली कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. मी पायात चपला सरकवल्या.

"मी आहे," म्हटलं.

तब्येतीला जप.

तुझी,
आहे तिथेच असलेली,
धाकटी